आमोदखेड्यातली त्सुनामी

मी योगराज. मूळचा पाचोऱ्याचा, नोकरीने शिंदखेडा तालुक्यातल्या आमोदखेड्याचा. पद ग्रामसेवक. मध्यंतरी सरकारने आमचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं. पगार तोच, कामं तीच, नाव तेवढं मोठं झालं. गावाने ते मनावर घेतलं नाही. गाव अजून मला ‘ओ ग्रामसेवक’ अशीच हाक मारतं.

आमोदखेडे तापीच्या दक्षिण काठावर आहे. पलीकडे शिरपूर तालुका. समुद्र इथून नदीच्या वाटेने मोजला तर तीनशे किलोमीटरच्या घरात. गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही, आणि उरलेल्या निम्म्यांनी सुरतेला हिरेकामाला गेलेल्या भाच्याच्या फोनवर पाहिलाय. अशा गावातल्या चिंधाभाऊंची मुलगी हेमांगी त्सुनामीवर शिक्षण घेत होती.

चिंधाभाऊ कापसाचे शेतकरी. मुलगी सुरतेला इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेते एवढं ते अभिमानाने सांगत. पुढचा प्रश्न आला की अडत. तिचा अभ्यासाचा विषय होता, समुद्रातली त्सुनामी लाट नदीच्या तोंडातून आत शिरली की कशी वागते. हे पाहुण्यांना सांगायचं कसं? शेवटी त्यांनी अहिराणीत त्याचा सारांश काढला होता, “ती पानीमा इंजिनिअर शे.” त्यावर चोपड्याहून आलेल्या एका वरपित्याने विचारलं होतं, “म्हणजे बोअरवेलचं बघते का?” ते स्थळ तिथेच आटलं.

गावाला हेमांगीची थट्टा दोन वर्षं पुरली. पारावर कुणी पाण्याचा तांब्या सांडला तरी “चिंध्यानी पोरले बलावा, त्सुनामी उनी”, म्हणजे त्सुनामी आली, असं म्हणून हसायचे. ती सुट्टीत यायची, हसणाऱ्यांकडे पाहून स्वतःही थोडं हसायची आणि घाटावर जाऊन बसायची.

मग मागच्या वर्षी जुलैच्या अखेरीस रशियाच्या पार पलीकडच्या टोकाला समुद्रात मोठा भूकंप झाला. टीव्हीवर जपानच्या, हवाईच्या किनाऱ्यांची चित्रं दिसू लागली. भारताच्या किनाऱ्याला धोका नाही, हे सरकारी खात्याने त्याच दिवशी सांगून टाकलं. पण सरकारी खात्याचं ऐकायची सवय आमोदखेड्याला कधीच नव्हती. रात्रीच्या जेवणापर्यंत ‘आमोदखेडे विकास मंच’ या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप येऊन पडला: ‘सावधान! त्सुनामी सुरतेहून तापीत शिरली असून उद्या सायंकाळी ठीक पाच वाजता आपल्या भागात पोहोचेल. तापी उलटी वाहणार. हा संदेश अकरा जणांना पाठवा.’

निरोप पाठवणारे होते नवलआबा. नवलआबांची ओळख करून द्यायची तर, गावच्या सरपंच इंदिराबाई आहेत आणि सरपंचकी नवलआबा करतात. इंदिराबाई त्यांच्या सूनबाई. त्या सही करतात, आबा बाकीचं सगळं करतात. ‘ठीक पाच वाजता’ हे शब्द आबांनी स्वतः घातले असावेत असा माझा संशय आहे. आबांना कार्यक्रमाची वेळ नक्की लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ग्रामपंचायतीत तातडीची बैठक भरली. दोन वर्षांत पहिल्यांदा चिंधाभाऊंच्या घरी मोटारसायकल पाठवून सुट्टीत आलेल्या हेमांगीला मानाने आणवलं. तिला खुर्ची दिली. चहा दिला, तोही बशीसकट.

“हेमांगीताई,” आबा म्हणाले, “आज गावले तुन्ही गरज शे. सांग, लाट कितली उंच येई?”

“येणारच नाही, आबा.”

बैठकीचं तोंड उतरलं. लग्नाच्या मांडवात ‘नवरदेव आलाच नाही’ म्हटल्यावर उतरतं तसं.

“नई येई?” आबा म्हणाले. “मंग तू दोन वरीस शिकनी काय?”

हेमांगीने संयम ठेवला. ती बाहेर गेली, पंचायतीच्या पत्र्याचं एक पडलेलं पन्हाळं उचलून आणलं, एक टोक दोन विटांवर ठेवलं, दुसरं जमिनीला टेकवलं आणि खालच्या बाजूला माती लावून पाणी ओतलं. शाळेतली जुनी पाटी मागून घेतली आणि त्या पाटीने तिने खालच्या टोकाचं पाणी जोरात वर ढकललं.

पाणी पन्हाळ्यातून चढलं. पुढची कड उभी राहिली, बोटभर उंचीची भिंत झाली, वर धावली आणि अर्ध्या वाटेवर दमून परत घसरली. लोक वाकून पाहत होते.

“खोल समुद्रात ही लाट लांबलचक आणि सपाट असते,” ती म्हणाली. “होडीतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. नदीच्या तोंडाशी आली की तिला अंग चोरून आत शिरावं लागतं, म्हणून ती उंच होते. नदी उथळ असते, म्हणून पुढचं पाणी अडखळतं आणि मागचं त्याच्या अंगावर चढतं. अशी ही भिंत तयार होते. कधी तिच्या मागे लहान लाटांची रांग लागते. जमिनीवरून जाईल त्यापेक्षा नदीतून ती पुष्कळ लांब जाते, कारण पात्रात तिला अडवायला घरं नसतात, झाडं नसतात. जपानमध्ये एका नदीत ती जवळजवळ पन्नास किलोमीटर आत गेली होती.”

‘पन्नास’ म्हटल्यावर बैठकीत जरा जीव आला.

“पण नदीला चढ असतो,” ती पुढे म्हणाली. “समोरून नदीचं स्वतःचं पाणी येत असतं. तळाला घासून घासून लाटेचा जोर जातो. आपल्या गावचं पात्र समुद्रापेक्षा शंभर मीटरहून जास्त उंच आहे. आणि मध्ये,” तिने पन्हाळ्यात एक वीट आडवी ठेवली आणि पुन्हा पाणी ढकललं. लाट विटेवर आपटली, थोडंसं पाणी वरून उडालं, बाकीचं मागे फिरलं. “मध्ये बंधारे आहेत, उकाईसारखं मोठं धरण आहे. या भूकंपाची लाट तर आपल्या किनाऱ्यालाही लागलेली नाही.”

सगळे विटेकडे पाहत राहिले. मग तेजस नावाचा एक तरुण म्हणाला, “पण ताई, वीट काढी टाकी तं?” तेजस फोनवर रील बनवतो आणि गावात तेवढाच एक उद्योगधंदा वाढीला लागलेला आहे.

“बरोबर!” आबा म्हणाले. “बठ्ठं जग सांगी ऱ्हायनं, नि तू एकटी नई म्हनस. शिकेल मानसं अशीच गफलत करतस.”

बैठक संपली. हेमांगी अंगणात पन्हाळं उपडं करत होती. मी म्हणालो, “ताई, मला पटलं.”

“मग तुम्ही तसं बोलला का नाहीत?” तिने विचारलं.

ग्रामसेवकाने कुठे काय बोलायचं नाही, हे शिकायला मला अठरा वर्षं लागली होती. ते तिला दोन वाक्यांत कसं सांगणार? मी फाईल काखेत मारली आणि आत गेलो.

आता कुणालाही वाटेल, लाट येणार म्हटल्यावर गाव उंचावर पळालं असेल. आमोदखेडे तसलं भित्रं गाव नाही. दुपारी तीनपासून लोक घाटाकडे निघाले. शेजारच्या चार खेड्यांतून ट्रॅक्टर भरून आले. भेळेच्या दोन गाड्या लागल्या. नवलआबांनी शिंदखेड्याहून तीन तासांत फलक छापून आणला: ‘समुद्रदेवतेचे आमोदखेडे नगरीत हार्दिक स्वागत. शुभेच्छुक, नवलआबा मित्रमंडळ.’ फलकावर समुद्र लहान आणि आबा मोठे होते. तो घाटाच्या खालच्या पायऱ्यांजवळ दोन बांबूंवर ताणला, शेजारी ध्वनिक्षेपक ठेवला. तेजस आणि त्याचे मित्र पात्रातल्या खडकांवर उभे राहून पश्चिमेकडे फोन धरून सज्ज झाले. समुद्र तिकडूनच येणार होता.

आणि सगळ्यात खालच्या पायरीवर तीसेक बायका आरतीची ताटं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पुढारी होत्या हेमांगीच्या आजी, तानुबाई. वय शहात्तर, आवाज पंचविशीतला.

हेमांगी धावत खाली गेली. “आजी, इथे काय करतेस?”

“काय म्हंजे? तापीमाय समुद्राघर जास ना? ते तिचं सासर. आज सासरा सोता घर येई ऱ्हायना. त्यानी आरती करानी नई का?”

“अगं, कोणी येणार नाहीये.”

“नई उना तं परत जासुत घर,” आजी म्हणाल्या. “तुन्हं काय जास?”

हेमांगी दोन पायऱ्या वर येऊन उभी राहिली आणि नदीकडे पाहू लागली. मी वरून पाहत होतो. तिचा चेहरा एकदम बदलला. ती पश्चिमेला पाहतच नव्हती. ती पूर्वेला, वरच्या अंगाला पाहत होती. पाणी गढूळ झालं होतं, त्यावर फेस आणि बाभळीच्या फांद्या वाहत येत होत्या. सकाळी कोरडा असलेला काळा दगड बुडाला होता.

ती माझ्याकडे आली. “भाऊ, वरून काही निरोप आलाय का?”

मी फोन काढला. दुपारी दीड वाजता तहसीलातून निरोप आला होता. सातपुड्यात रात्रभर पाऊस झाल्याने वरच्या धरणाचे दरवाजे उघडले असून विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवला जाईल, नदीकाठच्या गावांनी सावध राहावे. निरोप वेळेवर आला होता, स्पष्ट होता, आणि मी माझं कर्तव्य म्हणून तो एक वाजून चाळीस मिनिटांनी ‘आमोदखेडे विकास मंच’वर टाकलाही होता. त्यानंतर त्याच्यावर त्सुनामीचे एकशे बारा निरोप येऊन पडले होते. खऱ्या निरोपाला एकाच माणसाने उत्तर दिलं होतं. हात जोडल्याचं चित्र.

“तुम्ही स्वतः वाचलात?” हेमांगीने विचारलं.

“पुढे पाठवला,” मी म्हणालो. तेव्हा मला माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीची लाज वाटली. फार नाही, पण वाटली.

तिने बोटांवर काहीतरी हिशेब केला. “मोठं पाणी पाचच्या आसपास इथे पोचेल. अर्धा तास आहे. चला.”

खोट्या लाटेची आणि खऱ्या पाण्याची वेळ एकच निघाली. नवलआबांचं नशीबच तसं आहे. ते निवडणुकीलाही असंच उपयोगी पडतं.

आधी आम्ही खरं सांगून पाहिलं. मी आबांच्या हातून माईक घेतला, नोकरीत पहिल्यांदाच कुणाच्या हातून काही हिसकावलं, आणि ओरडलो, “वरून पाणी सोडलंय! पूर येतोय! सगळ्यांनी घाट सोडा!”

खडकावरून तेजसने मान वळवली. “ते तं दर साल येस, ग्रामसेवक! आम्ही समुद्र पाहाले उनूत!”

लोक हसले. पुराला कोण भितं? पूर घरचा. त्यात कुणी नवं काही पाहिलं नव्हतं. मी पुन्हा ओरडलो, तर भेळवाल्याने हात वर करून मलाच शांत राहायला सांगितलं.

हेमांगी माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने माईक माझ्याकडून घेतला, घसा साफ केला आणि अगदी वर्गात शिकवावं तशा आवाजात बोलू लागली.

“गावकऱ्यांनो, माझं चुकलं. मी पुन्हा आकडेमोड केली. लाट येतेय.”

घाटावर टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

“पण एक लक्षात घ्या. नदीतली लाट खालून नीट दिसत नाही. पुढची भिंत तेवढी दिसते, मागची सगळी रांग झाकली जाते. वळणावर ती बाहेरच्या काठाला उंच चढते, ते तर वरूनच दिसतं. ज्यांना अख्खी लाट व्हिडिओत घ्यायचीय त्यांनी मरीआईच्या टेकडीवर जा. जागा थोडी आहे. जो आधी पोचेल त्याला.”

तेजस खडकावरून असा सुटला की पुढच्या माणसाची चप्पल पात्रातच राहिली. त्याच्या मागे सगळी पोरं, त्यांच्या मागे ट्रॅक्टरवाले, आणि गिऱ्हाईक चाललं म्हणून भेळेच्या गाड्या. पाच मिनिटांत खडक रिकामे. आबाही निघाले. फलक हलवायला माणसं मिळेनात, म्हणून तो तिथेच सोडून, चारदा मागे वळून पाहत निघाले.

राहिल्या बायका. त्यांना व्हिडिओ काढायचा नव्हता. पाणी आता त्यांच्या पायरीखाली एका वितीवर होतं.

हेमांगी आजीसमोर जाऊन उकिडवी बसली. चिंधाभाऊही धावत आले होते, ते आईला उचलायलाच निघाले, तर तानुबाईंनी त्यांचा हात झटकला. “देवना कामले हात लावू नको.”

“आजी,” हेमांगी म्हणाली, “सासरा घरी येतो तेव्हा सून कुठे उभी असते?”

“दारमा.”

“रस्त्यात पाय पसरून बसते का?”

तानुबाईंनी नातीकडे पाहिलं. मग आपल्या पसरलेल्या पायांकडे.

“हा त्याचा रस्ता आहे,” हेमांगी म्हणाली. “आपलं दार वर आहे. डोक्यावर पदर घेऊन वर उभं राहा, तिथून ओवाळा. रस्ता अडवला तर त्याला काय वाटेल? या गावच्या बायकांना रीत नाही?”

आजींनी पाय आवरले आणि ताट उचललं. “चला वो बायाहोन! पोर बराबर सांगस. बठ्ठ्या वर चला!” तो पंचविशीतला आवाज अख्ख्या घाटावर घुमला. तीस बायका पदर सावरत, निरांजनं विझू नयेत म्हणून हात आडवे धरत पायऱ्या चढू लागल्या. चिंधाभाऊ एकेकीला हात देत होते. हेमांगी सगळ्यांच्या मागे होती. तिने शेवटच्या पायरीवर वळून एकदा पाहिलं, कुणी राहिलं नाही ना.

पाचला सात मिनिटं कमी असताना पाणी आलं. भिंत वगैरे काही नाही. नुसतं फुगत आलं. खडक गेले, खालची पायरी गेली, मग दहा, मग वीस. वळणावर लाकडाचा मोठा ओंडका काठावर आपटला तेव्हा टेकडीवरचे सगळे एकदम दोन पावलं मागे सरले. वीस मिनिटांत घाटाच्या चारच पायऱ्या कोरड्या उरल्या. आबांचा फलक आधी वाकला, मग उपटला आणि त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यासकट पश्चिमेकडे निघाला. समुद्र भेटायला आला नाही म्हटल्यावर आबाच तिकडे गेले.

माणूस एकही गेला नाही. चप्पल एक आणि ध्वनिक्षेपक एक.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण तेजसची अडचण झाली होती. सगळ्यांचे फोन पश्चिमेकडे होते आणि पाणी पूर्वेकडून आलं होतं. त्याने घरी जाऊन तो व्हिडिओ उलटा चालवला. त्यात तापी समुद्राकडून सातपुड्याकडे चढताना दिसते, आबांचा फलक पाण्यातून उठून बांबूवर बसतो. हे तीन लाख लोकांनी पाहिलं आणि सगळ्यांना पटलं.

मी तहसीलात अहवाल दिला. ‘आपत्तीचा प्रकार’ या रकान्यात पूर असं लिहिलं. गावात मात्र त्सुनामीच आली होती. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, वेळेवर इशारा दिल्याबद्दल. दुसरं श्रीफळ हेमांगीला, अचूक अंदाजाबद्दल.

तिने श्रीफळ घेतलं आणि माईकसमोर उभी राहिली.

“त्या दिवशी मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “त्सुनामी आली नव्हती. येऊही शकत नाही. तो वरून सोडलेल्या पाण्याचा पूर होता, त्याचा खरा निरोप सव्वातीन तास आधी तुमच्या फोनवर आला होता. तुम्ही खरं ऐकत नव्हतात म्हणून मला खोटं सांगावं लागलं, आणि ते मला अजून टोचतंय.”

मागून एक म्हातारा म्हणाला, “पन ताई, पानी तं उनं ना?”

“आलं.”

“तू सांगेल तवळच उनं ना?”

“हो, पण...”

“मंग?”

आबांनी माईक घेतला. “पोर नम्र शे,” ते म्हणाले. पुन्हा टाळ्या.

हेमांगी खाली येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. चिडली होती, कानापर्यंत लाल. तोपर्यंत व्यासपीठावर पुढचा ठराव सुरू झाला: गावाच्या पश्चिमेला त्सुनामी संरक्षक भिंत बांधणे. नदी गावाच्या उत्तरेला, भिंत पश्चिमेला. मी नेहमीप्रमाणे लिहून घेऊ लागलो. मग थांबलो.

“ताई,” मी हळूच विचारलं, “तुम्हाला काय हवंय, ते सांगा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “घाटावर पाण्याच्या उंचीचे रंगीत पट्टे. हिरवा, पिवळा, लाल. आणि एक भोंगा. निरोप आला की वाजवायचा. फोनवर नाही टाकायचा.”

मी उभा राहिलो. “सरपंचताई,” मी आबांकडे न पाहता इंदिराबाईंकडे पाहून म्हणालो. त्या दचकल्याच, त्यांना उद्देशून कुणी बोलत नसे. “भिंतीला वरून मंजुरी लागेल, तीन वर्षं जातील. तोवर त्सुनामीमापक पट्टे आणि त्सुनामी भोंगा बसवता येईल. पंचायतीच्या अधिकारात.”

“त्सुनामी भोंगा!” आबा म्हणाले. शब्द त्यांना भलताच आवडला.

पण त्यांनी पुढे काही बोलायच्या आत इंदिराबाईंनी कागद ओढला. “वाजवनार कोन?” त्यांनी विचारलं. “मन्हं घर घाटना जोडे शे. चावी माले द्या.” घाटाशेजारचं घर त्यांचंच. त्यांनी सही केली. सरपंच म्हणून त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी तो इतिवृत्तात जसाच्या तसा लिहिला.

पट्टे पंधरा दिवसांत रंगले. सप्टेंबरात पुन्हा पाणी सोडलं गेलं. माझ्याकडे निरोप आला तेव्हा मी तो फोनवर पुढे पाठवला नाही, इंदिराबाईंच्या घरी चालत गेलो. त्यांनी भोंगा वाजवला. शेळ्या, पाणी उपसायच्या मोटारी, पोरं, सगळं पाणी यायच्या दोन तास आधी वर. तानुबाईंनी वरूनच ओवाळलं. गावभर एकच बोलणं चाललं होतं, “त्सुनामी पिवळाले लागनी वो!”

मी हेमांगीला सुरतेला फोन करून हे सगळं सांगितलं. वाटलं, खूश होईल.

“पिवळ्या पट्ट्याला पाणी किती वाजता लागलं?” तिने विचारलं.

“संध्याकाळी.”

“संध्याकाळी म्हणजे किती वाजता, भाऊ? सोडल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ, दोन्ही हव्यात. मिनिटासकट.”

मी वही शोधायला उठलो.